अरबी किती येते, हे तपासायचं कसं

मुंबईत ‘मला अरबी येते’ असं म्हणणारी माणसं तीन वेगळ्या वाटांनी आलेली असतात. एकाने लहानपणी मदरशात नाज़रा, म्हणजे कुराण नुसतं पाहून वाचणं, पूर्ण केलेला असतो. ज़ेर-ज़बर (स्वरांच्या खुणा) लावलेला मजकूर तो तजवीदसकट, म्हणजे पठणाचे उच्चारनियम पाळून, न अडखळता वाचतो, पण वाक्याचा अर्थ विचारला की गप्प. दुसरा मस्कतला किंवा दुबईला आठ-दहा वर्षं काढून आलेला. त्याचं बोलणं धडाधड, पण औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. तिसरा कॉलेजात शिकलेला. फ़ाइल, मफ़ऊल, मुज़ाफ़ या व्याकरणाच्या संज्ञा सगळ्या पाठ, आणि समोर अरब माणूस आला की सलामाच्या पुढे शब्द फुटत नाही. तिघांना एकाच शंभर गुणांच्या पेपराला बसवलं तर तिघांनाही साठाच्या आसपास पडू शकतील, आणि त्या साठावरून कुणाला काय जमतं ते कळणार नाही. म्हणून एकूण गुण काढायचेच नाहीत. वाचणं, ऐकणं, बोलणं, लिहिणं यांच्या चार पातळ्या, चार वेगळ्या ओळींत.

आधी तपासणी कशासाठी ते ठरवा. क्लासमध्ये कुठल्या बॅचला बसवायचं एवढंच पाहायचं असेल तर चाळीस मिनिटं पुरतात. रुग्णालयाच्या परदेशी रुग्णांच्या कक्षासाठी दुभाषा निवडायचा असेल तर बोलणं आणि ऐकणं यांवर भर हवा, आणि आखाती बोली कळायलाच हवी. फोर्टातल्या भाषांतराच्या कचेरीत करारनामे आणि दाखले हाताळायचे असतील तर वाचन आणि लेखन. तिथे बोलणं कच्चं असलं तरी चालून जातं.

पातळ्यांची नावं नवी काढू नका. भाषा किती येते ते मोजणाऱ्या युरोपीय चौकटीच्या ए१ (नवशिका) ते सी२ (पारंगत) या सहा पायऱ्या आहेत. अमेरिकेतल्या ‘ॲक्टफल’ या परकीय भाषाशिक्षणाच्या संस्थेच्या नोव्हिस, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड, सुपीरियर आणि डिस्टिंग्विश्ड अशा पाच आहेत, त्यांतल्या पहिल्या तिन्हींना लो, मिड, हाय असे पोटभाग. बोलण्यासाठी ‘ॲक्टफल’ची वाटणी जास्त कामाची. नोव्हिस पाठ केलेले शब्द आणि ठरावीक वाक्यं बोलतो. इंटरमिजिएट स्वतःची वाक्यं जोडतो, प्रश्न विचारतो. ॲडव्हान्स्ड भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांत घटना सांगतो आणि अचानक आलेली अडचण निभावतो. सुपीरियर मत मांडतो, त्याच्यासाठी युक्तिवाद करतो, ‘असं झालं असतं तर’ हे बोलू शकतो.

वेळेचा अंदाजही डोक्यात असू द्या. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना कामापुरती अरबी येण्यासाठी ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले २२०० तास धरतं. आपल्याकडचा शनिवार-रविवारचा क्लास आठवड्याला चार तासांचा, वर्षाला जेमतेम दोनशे. ‘तीन महिन्यांत अस्खलित’ वाचून आलेल्या उमेदवाराला ए१ मिळालं, तर दोष तपासणीचा नाही.

कोणती अरबी?

अरबी ही दुपदरी भाषा. लिहिण्याची आणि बातम्यांची फ़ुसहा वेगळी, घरातली आणि बाजारातली आम्मिय्या वेगळी. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये या प्रकाराला ‘डायग्लॉसिया’ म्हटलं, आणि उदाहरणांत अरबी ठेवली. परीक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे: बोलीतलं उत्तर चूक धरायचं नाही. ‘मला पाहिजे’ यासाठी फ़ुसहात ‘उरीदु’, आखातात ‘अब्ग़ा’, कैरोत ‘आइज़’, दमास्कसला ‘बिद्दी’. चारही बरोबर. क़ाफचा उच्चार आखातात ग होतो, म्हणून ‘क़हवा’ची ‘गहवा’. फ़ुसहा शिकवणारे गुरुजी नेमके इथेच गुण कापतात. बोलताना शब्दाच्या शेवटचे एराब (विभक्ती वगैरे दाखवणारे स्वर) गाळले तरी कापू नका. शिकलेले अरबही रोज बोलताना ते लावत नाहीत.

वाचन: १५ मिनिटं

तीन उतारे ठेवा. पहिला ४० शब्दांचा, त्यात दुकानाची वेळ आणि डॉक्टरांची चिठ्ठी. दुसरा १०० शब्दांची बातमी. तिसरा २०० शब्दांचा मतप्रदर्शनाचा लेख. तिन्हींत ज़ेर-ज़बर-पेश नकोत. मात्रा काढल्या की क-त-ब या तीन अक्षरांचं ‘कतब’ (त्याने लिहिलं), ‘कुतिब’ (लिहिलं गेलं) किंवा ‘कुतुब’ (पुस्तकं) होतं. शेवटी एक त जोडला तर ‘तिने लिहिलं’, ‘मी लिहिलं’, ‘तू लिहिलंस’, ‘लिहिली गेली’ यांतलं काहीही. ‘हाज़िही अल-कुतुब कुतिबत क़ब्ल मिअत आम’, म्हणजे ‘ही पुस्तकं शंभर वर्षांपूर्वी लिहिली गेली’, हे वाक्य मोठ्याने वाचायला द्या. अर्थ कळल्याशिवाय ते बरोबर वाचताच येत नाही. नाज़रावाला आणि अर्थ कळणारा या एका ओळीत वेगळे होतात.

बाकीचे प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तरं मराठीतच घ्या, नाहीतर वाचनाच्या गुणांत लेखनाची कमजोरी मिसळते. उताऱ्यात मराठीशी फसवं नातं असलेले चार-पाच शब्द मुद्दाम पेरा. अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे अनोळखी, विचित्र. ‘वकील’ म्हणजे प्रतिनिधी, कोर्टातला वकील ‘मुहामी’. ‘शराब’ म्हणजे कुठलंही पेय. ‘तारीख़’ म्हणजे इतिहाससुद्धा. आणि आपण ज्याला अहवाल म्हणतो ते तिकडे ‘हाल’चं साधं अनेकवचन. ‘रजुल ग़रीब’चं भाषांतर ‘गरीब माणूस’ आलं की उमेदवार मराठीच्या भरवशावर अंदाज मारतोय.

आकडे वेगळे तपासा. अरब देशांच्या पूर्वेकडच्या लिपीत पाच हा अंक गोल असतो, थेट आपल्या शून्यासारखा, आणि शून्य नुसता ठिपका. सहाचा आकार इंग्रजी सातसारखा. मराठी डोळा ‘५०’ला बेधडक शून्य वाचतो. औषधाच्या मात्रेत ही चूक महागात पडेल, म्हणून चिठ्ठीत ५०, ६५, ०५६ असे आकडे हवेतच.

बी१ की ए२ असा घोळ असेल तर पाच शब्द देऊन त्यांचा धातू (बहुधा तीन अक्षरांचं मूळ) विचारा: मकतबा, मुस्तश्फ़ा, इस्तिक़बाल, इत्तिसाल, मीआद. पहिले तीन सोपे. ‘इत्तिसाल’चा व-स-ल आणि ‘मीआद’चा व-अ-द (हा अ म्हणजे ऐन, घशातून उच्चारायचं अक्षर) ज्याला सापडतो, त्याला धातूंच्या क्रमाने लावलेला शब्दकोश स्वतः उघडता येतो. हे बी१चं चांगलं लक्षण.

ऐकणं: १० मिनिटं

४०, ६० आणि ९० सेकंदांच्या तीन ध्वनिफिती, प्रत्येक दोनदा. फोनच्या स्पीकरवर वाजवू नका. वर पंखा आणि खाली मोहम्मद अली रोडची वाहतूक असेल तर ऐन आणि हमज़ा (स्वराआधीचा हलका अटकाव) यांतला फरक परीक्षकालाही कळायचा नाही. हेडफोन द्या. दोन फिती बातम्यांच्या, एक आखाती संभाषणाची, आणि बोलीच्या फितीचा निकाल वेगळा नोंदवा. त्या फितीत पार्किंगचं ‘बार्किंग’ असू द्या. अरबीत प नाही, हे कानाला माहीत हवं.

मग जोड्या. ‘क़ल्ब’ हृदय, ‘कल्ब’ कुत्रा. बारीक त चं ‘तीन’ अंजीर, जाड त चं ‘तीन’ चिखल. हमज़ाचं ‘अलम’ दुखणं, ऐनचं ‘अलम’ झेंडा. ‘दरस’ शिकला, ‘दर्रस’ शिकवलं. शेवटी फोन नंबर, दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी सांगून. अरबीत पंचवीसला ‘ख़म्सा व इश्रून’, म्हणजे पाच आणि वीस. मराठी गणतीतही एकक आधी, त्यामुळे आपल्या लोकांना हे पटकन साधतं. आकडे इंग्रजीत मोजायची सवय असलेला इथे अडखळतो.

बोलणं: २० मिनिटं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या परीक्षकाच्या असतात. पहिली तीन मिनिटं ओळखीची. ती मोजू नका, कारण ‘इस्मी अमुक, अस्कुनु फ़ी कुर्ला’ हे सगळ्यांचंच पाठ असतं. मध्येच तोडा: कुर्ल्याहून कसे आलात? किती वेळ लागला? इथून पुढचं सगळं उमेदवाराचं स्वतःचं.

त्यानंतर दोन गोष्टी शोधायच्या. कुठल्या पातळीवर तो सलग टिकतो, आणि कुठे कोसळतो. कोसळेपर्यंत प्रश्न चढवत न्या, मग एक पायरी खाली येऊन खात्री करा, पुन्हा चढवा. असं तीन-चारदा. पावसात लोकल बंद पडल्या त्या दिवशी काय केलंत, हा भूतकाळासाठी. गाडी आज बंद पडली असती तर, हा वरच्या पातळीसाठी. कोसळला म्हणून तिथेच थांबवू नका, शेवटची दोन मिनिटं सोप्या गप्पा मारून सोडा.

प्रसंग मराठीत सांगा: ‘तुम्ही रुग्णालयाच्या कक्षात आहात. ओमानहून आलेल्या रुग्णाच्या भावाला सांगा की उद्या साडेसातला रक्ततपासणी आहे, रात्री दहानंतर काही खायचं नाही.’ त्याने समजावलं की तुम्ही अरबीत अडचण घाला: रुग्णाला मधुमेह आहे, तो इतका वेळ उपाशी राहू शकत नाही. इंटरमिजिएट इथे पहिलंच वाक्य पुन्हा म्हणतो. ॲडव्हान्स्ड माणूस प्रश्न विचारून काहीतरी मार्ग काढतो.

आखातातून आलेल्यांच्या वेगाला भुलू नका. बांधकामावर आणि दुकानांत एक मोडकी, कामचलाऊ अरबी चालते. ‘अना माफ़ी मालूम’ म्हणजे मला माहीत नाही, सगळीकडे ‘फ़ी’ (आहे), आणि क्रियापद कुणासाठीही बदलत नाही. तिची ओळख पटवायला बहीण काय करते, आईवडील काय करतात, तुम्ही भावंडं मिळून काय करता, असे तीन प्रश्न पुरतात. तिन्हींत एकच रूप आलं तर पातळी नोव्हिसच्या वर नेऊ नका, मग माणूस मिनिटाला शंभर शब्द का बोलेना. गोदामाच्या नोकरीला मात्र एवढ्यावर भागतं. तसा शेरा जरूर लिहा.

लिहिणं: २५ मिनिटं

कागद आणि पेन. मोबाइल देऊ नका, तो शब्द सुचवतो. आधी ४० शब्दांचं श्रुतलेखन, तीनदा वाचून. तनवीन (शब्दाच्या शेवटी ऐकू येणारा, पण अक्षराने न लिहायचा ‘न’) ऐकून जो शेवटी नून हे अक्षर लिहितो, तो कानाने शिकलेला. ‘अश-शम्स’मधला न ऐकू येणारा लाम (ल) गाळणाराही तसाच. पुढच्या अक्षराला न जुळणारी सहा अक्षरं (अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय, वाव) जोडून लिहिली असतील तर लिपीच कच्ची, पुढे जाऊ नका. हमज़ाची बैठक (तो ज्या अक्षरावर लिहितात ते) चुकली तर बी१पर्यंत दुर्लक्ष करा, ती भल्याभल्यांची चुकते.

मग ८० शब्दांचा निरोप. मराठी माणसाच्या चुका इथे ओळखीच्या असतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. ‘आहे’ची उणीव भासून मध्ये ‘हुव’ (तो) घुसतं. जो-तोच्या सवयीने अनिश्चित नामापुढेही ‘अल्लज़ी’ (जो) येतं. हात आणि डोळा मराठीत पुल्लिंगी, अरबीत ‘यद’ आणि ‘ऐन’ स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘माझा हात दुखतो’ हे वाक्य हमखास चुकतं. निर्जीव अनेकवचनाला स्त्रीलिंगी एकवचनी विशेषण (‘कुतुब जदीदा’) आणि तीन ते दहा या संख्यांचं उलटं लिंग, ही दोन्ही सातत्याने जमली की बी१च्या खाली उतरवू नका.

टंकलेखन तपासायचं असेल तर कळफलक अरबी आहे ना, ते पाहा. उर्दू कळफलकावरचे काफ आणि ये दिसायला तेच, संगणकाच्या लेखी वेगळे, आणि मग दस्तऐवजात शब्द शोधून सापडत नाही.

पातळी ठरवणं

बोलण्याचं रेकॉर्डिंग परवानगी घेऊन करा आणि दोघांनी वेगवेगळं ऐका. शिकवणाऱ्याने स्वतःच्या विद्यार्थ्याला पातळी देऊ नये. एका पोटभागापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्याला ऐकवा, सरासरी काढू नका. प्रत्येक पातळीखाली उमेदवाराचं एक वाक्य जसंच्या तसं पुरावा म्हणून लिहा. प्रश्नांचे निदान तीन संच फिरते ठेवा, कारण सकाळचा उतारा संध्याकाळपर्यंत बॅचच्या व्हॉट्सॲपवर पोचतो.

शेवटचा कागद असा दिसतो: वाचन ए२, ऐकणं बी१ (आखाती बोली बी२), बोलणं इंटरमिजिएट हाय, लेखन ए१. रुग्णाला वेळ आणि पथ्य समजावू शकतो, संमतिपत्र वाचून दाखवायचं काम देऊ नये. पूर्व अरबी आकड्यांत ५ आणि ० यांची गल्लत. तारीख, दोन्ही परीक्षकांच्या सह्या, दोन वर्षांनी पुन्हा तपासणी.