नववी-दहावीला प्रकल्प देताय? या चुका टाळा

‘पाणीटंचाई : कारणे व उपाय’ असा विषय दिला की आठवड्याभरात काय येतं हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. दुकानातली चित्रं, नेटवरचा मजकूर आणि चमकीची बॉर्डर. यात मुलांचा दोष नाही, विषयच तसा दिलाय. त्याऐवजी प्रश्न द्या आणि उत्तर कुणाला द्यायचं तेही सांगा: ‘शाळेच्या छतावर वर्षाला किती पाणी पडतं ते काढा आणि टाकीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज लिहा.’ क्षेत्रफळ गणितात, पाऊस भूगोलात, अर्ज मराठीच्या तासाला.

मला सर्वांत जास्त खटकते ती दुसरी चूक: आलेला आकडा कुणीच तपासत नाही. एका शाळेत प्रकल्प बघायला गेलो होतो. मुलांनी टेप लावून छत मोजलं होतं, 66 फूट बाय 26 फूट. पाऊस 700 मिलिमीटर, वाया जाणारं पाणी धरून 0.8 ने गुणलेलं. उत्तर 9 लाख 60 हजार लिटर! फाईलवर ‘उत्कृष्ट’ शेराही होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. इथे चौरस फूट तसेच घातले होते. खरं उत्तर साधारण 89 हजार. मी मुलांना एवढंच विचारलं, दहा हजार लिटरचे किती टँकर झाले? ‘शहाण्णव’ म्हणताच एक मुलगी छताकडे बघत राहिली आणि स्वतःच म्हणाली, ‘सर, एवढं नाही मावणार.’ तेव्हापासून कुठलाही आकडा आला की तो टँकर, हंडे नाहीतर घरच्या टाकीत सांगायला लावतो. त्याशिवाय फाईल घेत नाही.

गुणांचे निकष काम सुरू होण्याआधी फळ्यावर लिहा. गट चौघांचा, आठांचा नको. थर्माकोलला गुण देणं बंद करा.

इतिहासात मुलाखती घ्यायला पाठवता तेव्हा प्रश्न आधी वाचून बघा. ‘1972 च्या दुष्काळाबद्दल काय वाटतं?’ यावर आजी ‘लई वाईट दिवस होते’ म्हणून थांबते. ‘पाणी कुठून आणायचात? सुकडी कुठं मिळायची? खडी फोडायला कोण कोण जायचं?’ असं विचारलं की तासभर बोलते.

आणि घाई करू नका. एका रविवारात उरकलेला प्रकल्प पालकांनीच केलेला असतो. मी पहिल्या आठवड्यात फक्त मोजमापाची कच्ची वही मागतो, खाडाखोडीसकट.