पहिला ड्रोन घेताय? वावरात उडवण्याआधी या चुका टाळा

दिवाळी झाली की माझ्या टेबलावर मोबाइलच्या जोडीला ड्रोन येऊ लागतात. दुकान मोबाइल दुरुस्तीचं, वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर. ड्रोन येतो तो कधी बुटाच्या खोक्यात, कधी दुपट्ट्यात गुंडाळून. मागच्या हंगामात एक पोट्टा असाच आला.

"दादा, हा जागेवर थांबतच नाही. सोडला की वाऱ्यासंगं चालला जाते."

"जीपीएस हाये का यात?"

"तसं नाही लिहेल. पण फोर-के हाये. दोन कॅमेरे हाये."

चार स्क्रू काढले. आत करंगळीच्या टोकाएवढ्या ब्रशवाल्या मोटरी, आणि एका मोटरच्या दांडीला कापसाचे तंतू घट्ट गुंडाळलेले. वेचणी चालू असलेल्या पऱ्हाटीत उतरवला होता, दुसरं काय होणार. चिमट्यानं तंतू काढले, मोटर मोकळी फिरली. मूळ तक्रारीवर मात्र इलाज नव्हता, कारण तो बिघाडच नव्हता. चार हजारांचा तो ड्रोन जसा बनवला तसाच उडत होता.

खोक्यावरचा कॅमेरा पाहून घेणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि माझ्याकडे येणारे निम्मे ड्रोन हिच्यामुळेच येतात. स्वस्त ड्रोन हवेचा दाब मोजून उंची धरतो. जागा धरायला त्याच्याकडे एक तर काहीच नसतं, नाहीतर पोटाखाली छोटा कॅमेरा असतो जो जमिनीवरच्या खुणा पाहत राहतो. घरातल्या फरशीवर हे बरं चालतं. वाऱ्यावर डोलणाऱ्या सोयाबीनवर किंवा शेततळ्याच्या पाण्यावर त्या कॅमेऱ्याला स्थिर खूणच सापडत नाही, आणि ड्रोन सरकत सरकत शेजाऱ्याच्या तुरीत जातो. जीपीएसवाला ड्रोन उपग्रहांवरून आपली जागा ओळखतो, वाऱ्यानं ढकललं तरी परत येऊन थांबतो. फोर-के म्हणाल तर या किमतीत तो बहुतेक वेळा छोटा फोटो ताणून मोठा केलेला असतो.

म्हणून आधी पाहायचं ते जीपीएस, ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली) मोटर, वजन, एका बॅटरीवर खरोखर किती मिनिटं उडतो, आणि जास्तीचे पंखे-बॅटरी कुठे मिळतात. कॅमेरा त्यानंतर. जास्तीच्या पंखे-बॅटरीचा प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा. "ऑनलाइन मिळून जाईन" एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्या दुकानात जा.

तरी खेळण्यातला ड्रोन अगदीच टाकाऊ नाही. बोटांना सवय व्हायला तो उत्तम. गोठ्याच्या मागं, वारा नसताना सकाळी सहा वाजता उडवा. त्याचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, ते चार हजारांच्या ड्रोनवर शिकलेलं बरं. फक्त त्याच्याकडून पोळ्याच्या मिरवणुकीचं शूटिंग मागू नका.

"दुबईहून आणून देतो"

9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीचे पूर्ण ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी तेवढी सवलत. सुटे भाग येऊ शकतात. त्यामुळे कोणी ओळखीतून नामांकित परदेशी ड्रोन स्वस्तात देतो म्हणाला, तर त्याची वॉरंटी कोण देणार आणि सरकारकडे नोंदणी कशी होणार हे त्यालाच विचारा. माझ्याकडे असे येतात. कॅमेऱ्याची रिबन केबल तुटलेली असते आणि ती यायला महिना जातो.

जुना घेत असाल तर बॅटरी काढून सपाट काचेवर ठेवा आणि बोटानं गोल फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगली आहे, व्यवहार तिथंच थांबवा. ड्रोनच्या हातांच्या, म्हणजे मोटरी बसवलेल्या दांड्यांच्या, सांध्यांत फेविक्विकचे पांढरे डाग आहेत का पाहा. मग विकणाऱ्यालाच दहा मिनिटं जागेवर उडवायला लावा. नोंदणी त्याच्या नावावर असेल तर ती आपल्या नावावर करून घ्यायची.

वजन न पाहणं

ड्रोन नियम 2021 मध्ये आले, आणि त्यात सगळं वजनावर ठरतं. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही हौसेपुरता उडवला तर नाही. पण मायक्रोनं लग्नाचं शूटिंग करून पैसे घेतले की लागतं, आणि त्यासाठी दहावी पास आणि वय 18 ते 65 पाहिजे. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे परवानगी न मागता उडवता येतं तिथं, उंचीची मर्यादा 400 फूट, म्हणजे साधारण 120 मीटर. दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

कुठलं क्षेत्र हिरवं हे सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर दिसतं. आपल्याकडे तो उघडून पाहण्याची गरज जास्तच. नागपूरचा विमानतळ आहेच, एप्रिल 2025 पासून अमरावतीला बेलोऱ्यालाही प्रवासी विमानं उतरतात. पुलगावला दारूगोळ्याचं मोठं भांडार आहे. ताडोबा, मेळघाट, बोरच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढायचाच नाही, वाघ दिसो की न दिसो.

"याले फवारणीची टाकी बसते का?" हेही दर हंगामात विचारलं जातं. नाही बसत. दहा लिटरवाला फवारणीचा ड्रोन वेगळ्याच वजनाचा, किंमत लाखांत. बचत गटात ताई-माई असतील तर नमो ड्रोन दीदी योजनेत 80 टक्के, जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत मदत आहे. तिकडे चौकशी करा.

उडवताना बिघडतं ते

*चालू करताच उलटा पडतो.* पंखे चुकीच्या मोटरवर बसलेत. दोन पंखे उजवीकडे फिरणारे, दोन डावीकडे. पंख्यावरची खूण आणि हातावरची खूण जुळवा. दहातली चार गिऱ्हाइकं हेच घेऊन येतात, मी याचे पैसेही घेत नाही.

*हवेत गोल गोल फिरत वर्तुळ मोठं करत जातो.* होकायंत्र भरकटलंय. तो टिनाच्या पत्र्यावर, ट्रॅक्टरच्या बोनेटवर किंवा बोअरच्या केसिंगजवळ ठेवून चालू केला असणार. उतरवा, लोखंडापासून दूर मोकळ्या मातीत न्या, अ‍ॅपमधून होकायंत्र पुन्हा जुळवा. काळ्या मातीची धूळ मोटरीत जाऊ नये म्हणून खाली ताडपत्रीचा तुकडा टाका.

*परत येताना निंबाच्या झाडात अडकला.* हे दुरुस्तीत सगळ्यात महाग पडतं. बॅटरी संपत आली किंवा सिग्नल तुटला की जीपीएसवाला ड्रोन आपोआप घरी निघतो, पण किती उंचीवरून ते आपण ठरवून द्यायचं असतं. धुऱ्यावरचं सगळ्यात उंच झाड आणि विजेच्या तारा पाहा, त्यांच्यापेक्षा चांगले पंधरा-वीस मीटर वर आकडा ठेवा. आणि घाई करून उपग्रह मिळण्याआधीच उडवला तर 'घर' म्हणजे कोणती जागा हे त्याला माहीतच नसतं. अ‍ॅपवर होम पॉइंट नोंदल्याचा संदेश येईपर्यंत बटणाला हात लावू नका.

*बॅटरी अर्ध्यावर असताना गेला आणि आलाच नाही.* जाताना वारा पाठीशी होता, येताना तोंडावर. आधी वारा तोंडावर घेत जायचं, तीस टक्के उरले की वळायचं.

*मे महिन्यात अ‍ॅप बंद पडतं.* बऱ्याचशा छोट्या ड्रोनची मर्यादा 40 अंश असते, आणि आपल्याकडे पारा 45 ला जातो. तापलेली हवा विरळ, पंख्यांना जास्त फिरावं लागतं, बॅटरी लवकर बसते. पण अनुभव असा की ड्रोनच्या आधी मोबाइलच तापतो. सकाळी आठच्या आत उडवा. बॅटरी मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका, आणि आठवडाभर उडवायचा नसेल तर ती अर्धी चार्ज करून ठेवा. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यात फुगते.

तुरीत पडला तर

डिसेंबरात तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. आधी अ‍ॅपमध्ये शेवटची जागा पाहा, स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि शोध सुरू होईपर्यंत अ‍ॅप बंद करू नका. वावरवाल्याला सांगून आत शिरा. जवळ गेलात की अ‍ॅपमधून ड्रोनचा बीप वाजवा. अंधार पडला तर त्याचे दिवे पानांतून दिसतात. सुरुवातीला सांगितलेल्या पोट्ट्यानं पुढं जीपीएसवाला घेतला, तो असाच संध्याकाळी सात वाजता एका ओळीत लुकलुकताना सापडला. दुसऱ्या दिवशी दुकानात आला तेव्हा एक पंखा तुटलेला होता आणि कॅमेऱ्यावर तुरीचं फूल चिकटलेलं होतं.