उलांडीची होडी बांधताय? या चुका टाळा

मार्च संपला की मला बोलावणी येतात. "अण्णा, होडी झाली, एकदा बघून जा." गेलो की दर वर्षी तेच दिसतं. होडीला बाजूने आधार देणारी उलांडी बारीक, दांडे बोल्टने आवळलेले आणि प्लायवर उन्हात लावलेलं रेझिन. सोलापूरला समुद्र नाही, पण उजनीचं पाणी आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, आणि हौस तर भरपूर आहे. त्या हौसेत कुणाचा जीव जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक उलांडीची. होडीला दोन आडवे दांडे आणि त्यांच्या टोकाला होडीच्या समांतर तरंगणारं लाकूड, त्याला कोकणात उलांडी म्हणतात. इकडे लाकडाऐवजी पीव्हीसी पाईप आणून दोन्ही तोंडांना कॅप चिकटवतात. पाईप ११० मिलिमीटरचा, कारण तो स्वस्त असतो आणि घराच्या बांधकामातून उरलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंगच्या पोराने अशीच सोळा फुटी बांधली. मी म्हणालो, उलांडी लहान आहे. तो म्हणाला, "तरंगायलंय की मस्त!" सकाळच्या शांत पाण्यात ती खरंच मस्त तरंगत होती. त्याला मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. तीन मीटरचा ११० चा पाईप पूर्ण बुडाला तर २८ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे २८ किलोची उचल. पाईपचं स्वतःचं वजन पाचेक किलो, राहिले २३. होडीपासून उलांडी दोन मीटरवर, म्हणजे उलटण्याला अडवणारा जोर २३ गुणिले दोन, ४६. त्याचं शीड चार चौरस मीटरचं. ताशी २२ किलोमीटर वाऱ्यात शिडावर साधारण दहा किलोचा जोर येतो, आणि तो पाण्यापासून सव्वादोन मीटर उंचीवर लागतो. दहा गुणिले सव्वादोन, साडेबावीस. चाललं. पण वारा ३६ झाला तर शिडावरचा जोर तीस किलोच्या आसपास जातो, कारण वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. तीस गुणिले सव्वादोन, सदुसष्ट. समोर अडवणारा जोर ४६च.

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि मे महिन्यात होडी करमाळ्याच्या बाजूला पाण्यात घातली. मी माझी घेऊन बरोबर होतो. चारच्या सुमारास पश्चिमेला ढग काळे झाले. वळिवाआधीचा वारा कसा येतो ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आधी पाच मिनिटं पान हलत नाही आणि मग एकदम धूळ उठते. झोत आला तेव्हा त्याची उलांडी वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे ढकलतो तिकडे, होती. पाईपचं पुढचं टोक पाण्यात शिरलं आणि तिथेच रुतल्यासारखं झालं. होडी त्याच्याभोवती गर्रकन वळली, डोलकाठी आडवी झाली, पोरगा शिडाखाली. अंगात लाईफ जॅकेट होतं म्हणून लगेच वर आला. त्याला माझ्या होडीवर घेऊन, त्याची ओढत काठाला आणायला आम्हाला तास लागला. याच उजनीत २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा माणसं गेली. उजनीवरचा मे महिन्यातला वारा हलका धरू नका.

माझी सवय अशी, की उलांडी पूर्ण बुडाली तर बसणाऱ्याच्या वजनाच्या दीडपट उचल मिळाली पाहिजे. सत्तर किलोच्या माणसाला १०० ते ११० लिटर. पुढचं टोक थोडं वर उचललेलं ठेवतो आणि पुढच्या अर्ध्या भागात जास्त पोट देतो, म्हणजे ती पाण्यात नाक खुपसत नाही. पाईपची उलांडी मी करतच नाही, प्लायची करतो. आठ दिवस जास्त जातात, जाऊ देत.

दुसरी चूक बोल्टची. दांडा भोक पाडून बोल्टने कसला की नवख्याला वाटतं, भक्कम झालं. लाटेवर होडी एकीकडे आणि उलांडी दुसरीकडे उचलली जाते, आणि तो सगळा पीळ त्या एका भोकावर येतो. भोकाभोवती चीर पडते, चिरेतून पाणी शिरतं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथलं लाकूड नखाने उकरता येतं. मी स्वतः उकरून पाहिलंय. दोराने बांधा. कॅटामरान, म्हणजे दोन अंगांची जोडहोडी, हा शब्दच तमिळ कट्टुमरमवरून आला, बांधलेली लाकडं. सोलापुरात कानडी कळणाऱ्याला हे सांगायला नको, कट्टु आणि मर दोन्ही त्याच्या ओळखीचे. दोर पॉलिएस्टरचा, सहा मिलिमीटर. नायलॉन भिजला की लांबतो, तो नको. सहा वेढे द्या आणि मग वेढ्यांच्या मधून आडवे आवळे घाला. कडब्याच्या गाडीवर दोरात काठी घालून पीळ देतात, तसा ताण आला पाहिजे.

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लाकडाला लावायचं रेझिन, मे महिन्यात दुपारी कालवू नका. दहा अंश उष्णता वाढली की ते साधारण निम्म्या वेळात घट्ट होतं, आणि खोल मगात तर स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं. मी पहाटे पाचला सुरू करतो, थोडं थोडं कालवतो आणि लगेच पसरट परातीत ओततो. पाण्याच्या टाक्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण लाकडाला नीट धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. वाळलेल्या इपॉक्सीवर रंग हवाच, ऊन त्याला खातं.

प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, शिक्का बघा, आणि एक तुकडा घरी पातेल्यात उकळून त्याचे थर सुटतात का ते बघा.

ताडपत्रीचं शीड चालेल, पण सपाट कापू नका, त्याला पोट लागतं. आणि कापड तिरकं ओढलं की लांबतं, हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही विणकराला विचारा. शिडाची मागची मोकळी कड नेहमी उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या रेषेत ठेवा.

सुकाणू आपटल्यावर वर उचललं जाणारं हवं. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. पाण्याखाली जुन्या भिंती आणि बाभळीचे बुंधे किती असतील, ते यावरून समजा.

बंद उलांडीला बूच ठेवा. गाडीच्या टपावरून नेताना आतली हवा पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापते. तशीच गार पाण्यात टाकली की हवा आकसते आणि बारीक छिद्रांतून पाणी आत ओढते. शंभर लिटरच्या उलांडीत आठ लिटरपर्यंत. नेताना बूच उघडं ठेवा, पाण्यात अर्धा तास गार होऊ द्या आणि मग लावा.

आणि पहिल्याच दिवशी काठाजवळ, छातीभर पाण्यात, होडी स्वतः उलटी करा. दोन-तीन अंगांची होडी एकदा पालथी झाली की आपोआप सरळ होत नाही, पालथीच घट्ट बसते. कुठला दोर कुठे टाकायचा, कुणी कुठे उभं राहून ओढायचं, हे तिथेच ठरवा. माझी सोळा फुटी सरळ करायला दोन माणसं आणि चार मिनिटं लागतात. दर वर्षी पहिल्यांदा पाण्यात घालताना आम्ही हे करतोच.