जुन्या लॅपटॉपची रॅम कमी खर्चात वाढवताना

दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप रखडू लागला की पहिला विचार रॅमचा, म्हणजे चालू कामांसाठीच्या मेमरीचा, येतो. परंतु खर्च करण्यापूर्वी दोष खरोखर तिचाच आहे काय, हे पाहून घ्यावे. नेहमीची कामे चालू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्स या भागात मेमरीचा आकडा पाहावा. तो सतत ९० टक्क्यांच्या आसपास राहत असेल, तर रॅम कमी पडते आहे. मेमरी निम्मी मोकळी असूनही डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल, तर तेच पैसे एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर, घालावेत. विंडोज ३२-बिटची असल्यास ती साधारणपणे ४ जीबीपेक्षा अधिक रॅम वापरूच शकत नाही, त्यामुळे आधी ६४-बिट विंडोज टाकावी लागेल.

मेमरीच्या त्याच पानावर रॅम बसवण्याचे किती स्लॉट वापरात आहेत, हेही दिसते. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते आणि ती बदलता येत नाही, म्हणून मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर कमाल मर्यादा तपासावी.

खरी गफलत होते ती रॅमची पट्टी निवडताना, कारण तिचे डीडीआर३, डीडीआर४ असे प्रकार असतात. लॅपटॉपची डीडीआर३ पट्टी २०४ पिनांची, तर डीडीआर४ पट्टी २६० पिनांची असते आणि दोन्हींची खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांचे मात्र तसे नाही: आकार तोच, खाच तीच, पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात आणि दुसरी १.३५ व्होल्टवर चालते. इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ बसते खरी, पण यंत्र बहुधा सुरूच होत नाही. उलट एल प्रकारची पट्टी सहसा १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून शंका असल्यास तीच घ्यावी. जुन्या पट्टीच्या लेबलवर पीसी३एल-१२८००एस असे लिहिलेले असते. यातील १२८०० म्हणजे १६०० चा वेग आणि १०६०० म्हणजे १३३३ चा. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्यास दोन्ही कमी वेगाने चालतात. त्यात बिघाड काही नाही.

चोपडा किंवा यावलहून जळगावच्या गोलाणी मार्केटला जायचे, तर लेबलचा फोटो पुरेसा असला तरी लॅपटॉपच सोबत न्यावा आणि पट्टी दुकानातच लावून पाहावी, म्हणजे दुसरी फेरी वाचते. एवढ्या जुन्या यंत्रासाठी वापरलेली पट्टी घेण्यास हरकत नाही. फक्त बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. ४ चे ८ जीबी करणे पुरेसे आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ अशा यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे १६ जीबीसाठी खर्च करणे मला पटत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी प्रणाली टाकली, तर ती ८ जीबीत सुखाने चालते.

घरी बसवताना चार्जर आणि बॅटरी काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे. बॅटरी आतली असल्यास तिची जोडणी सोडवावी. खानदेशातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज सहज साचते, म्हणून सिंथेटिक चादरीवर बसू नये आणि पट्टी हाती घेण्यापूर्वी नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावावा. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर हे काम करू नये, कारण त्यातले तुषार उघड्या बोर्डावर पडतात. पट्टी कडांनी धरून, खाच जुळवून, तिरपी आत सरकवावी आणि मग खाली दाबावी; दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. झाकण उघडेच आहे, तर पंख्यातली धूळही ब्रशने काढून घ्यावी.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा थोडा वेळ काळा राहू शकतो. बीप वाजत राहिल्यास लॅपटॉप बंद करून, बॅटरी पुन्हा सोडवून पट्टी नव्याने बसवावी. सर्व ठीक दिसले तरी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवावा, तोही चार्जर लावून, कारण जुनी बॅटरी भारनियमनात तग धरेलच असे नाही. या चाचणीत एकही त्रुटी निघाली, तर पडद्याचा फोटो काढून मुदतीच्या आत पट्टी बदलून घ्यावी.