एक्स-रे इथे स्वच्छ, तिथे पांढुरका? या चुका टाळा

ऑर्थोच्या ओपीडीतून फोन येतो तो ठरलेला: “अहो, तुमची फिल्म पांढरी आलीय.” फिल्म केव्हाच गेली, शब्द तेवढा राहिला. इकडे एक्स-रे रूममध्ये टेक्निशियन म्हणतो, माझ्याकडे तर झकास दिसतंय. दोघंही खरं बोलत असतात. पेशंटला पुन्हा टेबलावर झोपवण्याआधी तीच फाइल आणखी एका व्ह्यूअरमध्ये, म्हणजे एक्स-रे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून बघा.

सगळ्यात आधी मॉनिटरच्या ब्राइटनेसला हात लावू नका. एक्स-रे साठवला जातो तो डायकॉम या फाइल-प्रकारात, आणि त्या फाइलमध्ये असतात ते आकडे. १२ बिटची फाइल असेल तर प्रत्येक पिक्सेलची किंमत ४०९६ पैकी एक, आणि साधा मॉनिटर दाखवणार २५६ छटा. त्यामुळे कुठल्या आकड्याला काळं आणि कुठल्याला पांढरं धरायचं, हे विंडोवर, म्हणजे दाखवायला निवडलेल्या आकड्यांच्या पट्ट्यावर ठरतं. दोन्ही व्ह्यूअरच्या कोपऱ्यात डब्ल्यू (विंडोची रुंदी) आणि एल (तिचा मध्य) यांचे आकडे दिसतात. ते वेगळे असतील तर एकाचे दुसऱ्यात टाका. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आकडे सारखे करूनही फरक राहिला, तर खरी गंमत सुरू होते. काही मशीन फाइलसोबत कुठल्या आकड्याला कुठली छटा ते ठरवणारी स्वतःची वळणदार रेषा पाठवतात, म्हणजे व्हीओआय लट किंवा सिग्मॉइड. फुकटातले काही व्ह्यूअर ती वाचतच नाहीत, सरळ रेषा लावून मोकळे होतात. मग हाडाच्या कडा पांढऱ्यात बुडतात, फुफ्फुसाच्या बारीक रेषा काळ्यात.

एका सेंटरला छातीचे एक्स-रे उलटे दिसायचे: फुफ्फुसं पांढरी, बरगड्या काळ्या. मी शहाणा दोन तास केबल बदलत बसलो. फाइलचा ००२८,०००४ हा टॅग (फाइलमधल्या माहितीचा एक रकाना) उघडला तेव्हा ‘मोनोक्रोम१’ दिसलं. म्हणजे सगळ्यात लहान आकडा पांढरा. व्ह्यूअर तो काळा धरत होता. तोवर तिथला मुलगा रोज इन्व्हर्ट दाबून जेपीजी सेव्ह करून पाठवत होता! हा जुगाड करू नका. साध्या जेपीजीत २५६ छटाच उरतात आणि विंडो चित्रात कायमची मुरते. हृदयामागचा भाग एकदा पांढरा झाला की कितीही माउस ओढा, परत येत नाही.

चित्र सगळीकडेच सपाट, धुरकट दिसत असेल तर मशीनमधून ‘फॉर प्रोसेसिंग’ची कच्ची प्रत पॅक्सला (एक्स-रे साठवून सगळीकडे दाखवणाऱ्या सिस्टिमला) जातेय का ते तपासा. डॉक्टरांना हवी ‘फॉर प्रेझेंटेशन’, म्हणजे बघण्यासाठी तयार केलेली प्रत.

चित्रावर साडीच्या काठासारखे पट्टे दिसले तर १०० टक्के झूम करा. गायब झाले, तर ग्रिडच्या (विखुरलेले किरण अडवणाऱ्या जाळीच्या) बारीक रेषा चित्र लहान करताना गुंतल्या होत्या, एवढंच.

मॉनिटरवर संशय यायचा तो आत्ता. एसएमपीटीई टेस्ट पॅटर्न, म्हणजे मॉनिटर तपासायचं ठरलेलं चित्र, उघडा. काळ्यातला ५ टक्क्यांचा चौकोन आणि पांढऱ्यातला ९५ टक्क्यांचा, दोन्ही दिसायला हवेत. लॅपटॉपवर नाइट लाइट चालू नाही ना, तेही बघा.

तरी सुटलं नाही तर कंपनीच्या इंजिनिअरला मूळ डायकॉम फाइल आणि दोन्ही व्ह्यूअरचे स्क्रीनशॉट पाठवा, कोपऱ्यातल्या आकड्यांसकट. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यात निम्मी ट्यूबलाइटच येते. आणि पेशंटचं नाव आधी काढा. ते फाइलच्या टॅगमध्ये असतं, तसं कधीकधी चित्रावरही छापलेलं असतं.