नाटकाचे साउंड क्यू मिक्स करताना या चुका टाळा

एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की मुलं लॅपटॉपवर साउंड क्यू, म्हणजे नाटकात ठरलेल्या क्षणी वाजवायचे आवाज, घेऊन येतात. "दादा, दोन मिनिटं ऐकता का?" दरवर्षी मुलं नवी, चुका मात्र त्याच.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे अख्ख्या प्रवेशाची एकच फाइल. पाऊस, वीज, दारावरची थाप, शेवटी बासरी, सगळं रीपर या साउंड एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये छान रचायचं आणि एक्स्पोर्ट करून मोकळं व्हायचं. तालमीत सेकंदाला सेकंद जुळतं. प्रयोगात एखाद्या वाक्याला हशा येतो, नट थांबतो, आणि तिकडे थाप पडून जाते. मग "कोण आलंय?" हे वाक्य पुढची दहा सेकंदं वाऱ्यावर. फाइल थांबवावी तर पाऊसही थांबतो. म्हणून पावसाचा लांब लूप (पुन्हा पुन्हा वाजत राहणारा तुकडा) वेगळा, वीज वेगळी, थाप वेगळी. हे तुकडे हवे तेव्हा वाजवायला सॉफ्टवेअर आहेत: मॅक असेल तर क्यूलॅब, विंडोजवर शो क्यू सिस्टिम. शिकायला एक संध्याकाळ पुरते. पण ती एक संध्याकाळ कुणाला द्यायची नसते, रील एडिट करायला मात्र रात्र असते.

दुसरी चूक मोनोची. एका स्पर्धेत एका संघाने पावसावर स्टीरिओ रुंद करणारा प्लगइन लावला होता. हेडफोनवर अंगावर सरी आल्यासारखं वाटायचं. हॉलची सिस्टिम मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून वाजवणारी. नायिका खिडकीशी जाऊन म्हणाली, "काय कोसळतोय बघ!" हॉलमध्ये चिडीचूप. मागून कुणीतरी विचारलं, "कुठे?" ऑपरेटर बिचारा फेडर वर ढकलत होता, बाहेर येत होती नुसती खरखर. असे प्लगइन बऱ्याचदा डाव्या-उजव्या बाजूंत उलट फेजचा (एकीकडे लाट वर, तेव्हा दुसरीकडे खाली) आवाज घालतात. मोनोत दोन्ही बाजू एकत्र आल्या की तो आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. रीपरमध्ये मास्टरवर मोनोचं बटण आहे; मी मिक्स करताना अर्धा वेळ ते दाबूनच ठेवतो. डावीकडचा फोन डाव्या स्पीकरमधून वाजवायची हौसही सोडा, हॉल स्टीरिओ असला तरी उजवीकडच्या कोपऱ्यातल्या प्रेक्षकाला तो धड ऐकू येत नाही.

पेनड्राइव्हवर नुसती प्रोजेक्ट फाइल आणू नका. रीपरच्या त्या फाइलमध्ये आवाज नसतो, कुठला आवाज कुठे आहे एवढाच पत्ता असतो.

क्यू वेव्ह (.wav) फाइलमध्येच काढा. एमपीथ्रीच्या सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते आणि लूप अडखळतो.

प्रत्येक क्यू नॉर्मलाइझ करून शून्य डीबीला, म्हणजे कमाल पातळीला, नेऊन ठेवायचा हा कसला शॉर्टकट? रातकिडे आणि बॉम्बस्फोट एकाच आवाजात! संवादाखालच्या संगीतात एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तीन-चार डीबी कमी करा, शब्द मोकळे होतात.

वायफाय आणि नोटिफिकेशन बंद. हे अजूनही सांगावं लागतं.

आणि लेव्हल हेडफोनवर ठरवू नका. सेट लागत असतानाच सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा, असे दोन क्यू वाजवा आणि शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका. हळू क्यू तिथे जेमतेम ऐकू येत असेल, तर दोन-तीन डीबी वर घ्या. भरलेला हॉल आवाज पितो, त्यात पंख्यांची घरघर असतेच.