या चुका टाळा : जीन एडिटिंगने उंदीर तयार करताना

डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे दाखवणाऱ्या जेलवर एकच ठसठशीत बँड (पट्टा) होता आणि तोही अपेक्षेप्रमाणे आखूड तुकड्याचा. नवी मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत सगळे खूश झाले. ‘नर क्रमांक 7 : दोन्ही प्रतींत बदल, पूर्ण नॉकआउट’ असं, म्हणजे जीन पूर्ण बंद पडल्याचं, वहीत लिहूनही टाकलं. मग त्याची वाइल्ड टाइप, म्हणजे जीन न बदललेल्या, माद्यांशी जोडी लावली. तो खरोखर तसा असता तर प्रत्येक पिल्लात आखूड बँड दिसायला हवा होता. निम्म्या पिल्लांत दिसला, उरलेल्यांत फक्त नेहमीचा बँड आला.

झालं असं होतं की डीएनए कापणाऱ्या कॅस-9 या प्रथिनाने दुसऱ्या प्रतीतला इतका मोठा तुकडा उडवला होता, की पीसीआरचे (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती काढायच्या पद्धतीचे) प्रायमर, म्हणजे त्या भागाच्या दोन टोकांना चिकटणारे छोटे तुकडे, बसायला जागाच उरली नव्हती. जे पीसीआरला सापडत नाही ते जेलवर येत नाही. काही हजार बेस लांबचे प्रायमर घेऊन पुन्हा पीसीआर केला तेव्हा हरवलेली प्रत सापडली. त्या चुकीच्या नोंदीपायी किती उंदीर वाया गेले, याचं वाईट अजून वाटतं. म्हणून एकच बँड दिसला की आधी संशय घ्या.

पहिल्या पिढीतल्या उंदरावर प्रयोग करू नका, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. गर्भाच्या पेशी विभागायला लागल्या तरी कॅस-9 चं कापणं चालूच राहू शकतं. त्यामुळे एकाच उंदराच्या अंगात तीन-चार प्रकारचे बदल असू शकतात. शेपटीच्या टोकात दिसलेला बदल शुक्राणूंत असेलच असं नाही. वाइल्ड टाइपशी संकर करून दुसरी पिढी घ्या. तिथे प्रत्येक पिल्लाकडे बापाकडून एकच प्रत येते, त्यामुळे सिक्वेन्सिंग (डीएनएच्या अक्षरांचा क्रम) सरळ वाचता येतं.

कॅस-9 ला कापायची जागा दाखवणारा गाइड आरएनए निवडताना डेटाबेसमधल्या डीएनए क्रमावर विसंबू नका. सी57 ब्लॅक 6 या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या वाणाचे ‘जे’ आणि ‘एन’ हे उपवाणसुद्धा सारखे नाहीत : ‘जे’मध्ये एनएनटी जीन बिघडलेला असतो, ‘एन’मध्ये डोळ्याच्या पडद्यावर परिणाम करणारा आरडी8 हा दोष असतो. गाइडशेजारच्या एनजीजी या तीन अक्षरांच्या खुणेतला (एन म्हणजे कोणतंही अक्षर) एखादा ‘जी’ बदललेला असला तर कॅस-9 तिथे जवळपास कापतच नाही. आपल्याच प्राणिगृहातल्या उंदराच्या कानाचा तुकडा घेऊन ती जागा आधी वाचा. शिवाय एक्झॉनची (जीनमधल्या, प्रथिनासाठी वापरल्या जाणाऱ्या तुकड्याची) लांबी तीनने भागली जात असेल तर तो सोडून दुसरा निवडा. असा एक्झॉन पेशीने गाळला तर वाचनाची चौकट (तीन-तीन अक्षरांची मांडणी) शाबूत राहते आणि थोडं आखूड प्रथिन तयार होतच राहतं. प्रथिन गेलं की नाही, हे वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखायच्या चाचणीवर बघा.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते. बॅटरी नसलेला टायमर मागे पडला की 12 तास उजेड, 12 तास अंधार हे चक्र सरकतं आणि माद्यांची बीजांडं वेळेवर मिळत नाहीत. बीजांडं वाढवणाऱ्या पीएमएसजी या संप्रेरकानंतर 46 ते 48 तासांनी ती सुटण्यासाठी एचसीजी हे दुसरं संप्रेरक द्यायचं असतं, पण उजेडाची वेळ सरकली असेल तर हे गणित फसतं. वीज आल्यावर टायमर हाताने तपासा. शेजारी बांधकामाचं ड्रिलिंग सुरू असेल तर नुकत्याच व्यालेल्या माद्या दुसऱ्या खोलीत हलवू नका, त्या पिल्लं खातात. कामाची वेळ बदलून मिळते का ते आधी विचारा.

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी गाइड मागवण्याआधी घ्या, नंतर धावपळ होते.

आणि इअर पंच (तपासणीसाठी कानाचा छोटा तुकडा) घेताना ट्यूबवरचा नंबर आणि कानातला नंबर दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.